चांगली बाजू आत

आमच्या ह्यांना गल्लीतली मुलं उलटे आजोबा म्हणतात. ह्यांनी आयुष्यभर रबराचे शिक्के कोरले. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं उमटतं. उलटं कोरता कोरता ह्यांचा डोळाच उलटा बसला. न्हाव्याकडे आरशात दिसणारी समोरच्या दुकानाची पाटी घडाघडा वाचतात आणि बाहेर आल्यावर तीच वाचायला चष्मा पुसतात.

पुढच्या खोलीला एकच खिडकी. तिच्याखाली ह्यांचं टेबल. त्या टेबलापायी मी किती गार चहा प्यायलेय ते मलाच ठाऊक. "आलोच" म्हणायचं आणि एका वेलांटीच्या मागे तास घालवायचा. म्हणून सूनबाईने लेझर मशीन आणलं आणि त्याला खिडकी लागणार असं सांगितलं, तेव्हा मनातल्या मनात मी म्हटलं, बरं झालं, टेबलाला सवत आली.

मशीन लाकडावर उजेडाच्या सुईने जाळून अक्षर काढतं. धूर होतो, त्याचा पाइप खिडकीतून बाहेर सोडावा लागतो. म्हणजे ह्यांचं टेबल भिंतीकडे.

"मला इथे दिसत नाही," हे म्हणाले.

"दिवा लावून दिलाय की तिने."

"दिवा वेगळा, उजेड वेगळा."

मशीन सुट्या भागांत आलं होतं. हे पाठ फिरवून बसले, हातही लावणार नाही म्हणून. पण आडवी दांडी धरायला सूनबाईने शेजारच्या सुताराला हाक मारली आणि ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "घरात माणूस असताना स्क्रू आवळायला बाहेरचा कशाला?" सुताराच्या हातातली दांडी काढून घेतली आणि जोडणीच्या चित्रात बघून स्वतः बसवली. मशीन नको होतं, पण त्याला दुसऱ्याने हात लावलेलाही चालत नव्हतं!

सूनबाईने गोल काढून बघितला, फूल काढून बघितलं. छान आलं. गिऱ्हाइकं डोकावायला लागली. "मशीनवर करून मिळेल ना?" असं कुणी विचारलं की हे म्हणायचे, "मशीनलाच विचारा." जेवताना सूनबाईचं कौतुक निघालं की ह्यांना ठसका लागायचा.

पहिलं मोठं काम आलं ते डॉक्टरीणबाईंचं, दवाखान्याच्या दारावरच्या पाटीचं. लाकूड त्यांनीच दिलं होतं, त्यांच्या आईच्या टेबलाची फळी. टेबल मोडलं, तेवढीच उरलेली. "जपून करा" एवढंच म्हणाल्या.

सूनबाईने आधी पुठ्ठ्यावर नाव काढलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "बाबा, अक्षरं बघता का? तुमच्यासारखी नजर कुणाची नाही," असं म्हणून ती आत गेली. ह्यांनी पुठ्ठा उचलला. चूक सापडावी म्हणून इतका वेळ बघत होते की मलाच दया आली. मात्रा तपासली, काना तपासला. शेवटी अगदी दुःखाने म्हणाले, "बरोबर आहे."

मग तिने फळी लावली. डोळे सांभाळायचा नारिंगी चष्मा घालून मशीन सुरू केलं, काम संपेपर्यंत धूर सोसला, आणि चष्मा काढून बघितलं तर तिचा चेहराच उतरला.

"बाबा, हे उलटं आलंय."

"कुठे?"

"कुठे काय? अख्खं नाव! पुठ्ठ्यावरही उलटंच असणार. तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही."

"सगळा जन्म अक्षरांत गेला तुमचा, आणि दिसलं नाही?"

सूनबाई भांडली असती तर बरं. ती सरळ सुताराकडे गेली, त्याच्या दुकानात मशीनला कोपरा आहे का विचारायला. होता.

म्हणजे ह्यांना हवं तेच घडत होतं. मशीन जाणार, खिडकी परत मिळणार. पण हे भिंतीकडेच बसून राहिले.

"तुला तरी खरं वाटतं का?" मला म्हणाले.

"काय?"

"मी मुद्दाम नाही केलं."

"मशीनवर जळत होतात की नाही?"

"जळत होतो! अजून जळतोय. पण अक्षराशी दगाबाजी करेन का मी?"

ते मात्र मला पटलं. बाकी कुणाशीही करतील, अक्षराशी नाही.

मशीन हलवायच्या आधी सूनबाई दोष शोधत होती. कॉम्प्युटरमध्ये तिने नाव आरशातल्यासारखं फिरवलं होतं आणि दुसऱ्या पुठ्ठ्यावर ते सुलटं आलंही होतं. पण डाव्या कोपऱ्यातून सुरू कर म्हटलं की मशीनचं डोकं उजव्या कडेला जाऊन कडकड आपटायचं. मी ते दोन्ही पुठ्ठे उचलले, उलटा आणि सुलटा, आणि ह्यांच्यापुढे धरले.

"वाचा."

दोन्ही एका दमात वाचले. अडखळले नाहीत.

"आता ह्यातलं उलटं कुठलं ते सांगा."

हे इकडे बघतात, तिकडे बघतात. शेवटी बोट ठेवलं ते बरोब्बर सुलट्यावर.

सूनबाई हसायला लागली, इतकी की खुर्ची ओढून बसावं लागलं. "अहो बाबा," म्हणाली, "मला वाटलं तुम्ही..."

"वाटणारच," हे म्हणाले. "माझं तोंडच तसं होतं."

मग तिने त्यांना मशीनजवळ बोलावलं. उजवीकडचा बाण दाबला, डोकं डावीकडे गेलं. वरचा दाबला, नीट वर गेलं. "म्हणजे उभी दिशा ठीक आहे, आडवीच तेवढी उलटी," म्हणाली आणि जोडणीचं चित्र काढलं. "ही दांडी कुणी बसवली?"

मी छताकडे बघितलं.

"चित्रात होती तशीच बसवली," हे म्हणाले.

"चित्रात मोटर डाव्या टोकाला आहे, बाबा. आपली उजव्या."

"मग? तसंच तर आहे."

ह्यांनी सगळी दांडी शिक्क्यासारखी बसवली होती! सूनबाईने वायर काढली, स्क्रू सैल केले. ह्यांनी मोटर हातात घेतली. "कुठे नेऊ?"

"डावी..." म्हणता म्हणता ती थांबली. "खिडकीकडे न्या."

ह्यांनी मोटर न चुकता खिडकीकडे नेली.

"माझे शिक्के करायला आधीचंच बरं होतं," मोटरचा पट्टा ताणताना पुटपुटले.

तिने कॉम्प्युटरमधली फिरवाफिरवी काढून टाकली, नाहीतर सुलट्याचं पुन्हा उलटं झालं असतं. नवा पुठ्ठा वाचायला ह्यांना नव्हे, मला बोलावलं. मी एकेक अक्षर जोडत वाचणारी, माझ्यापुढे उलटं टिकतच नाही. मग फळी पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नाव काढलं.

सुताराच्या कोपऱ्यात अजून फळकुटंच आहेत. इथे आता कुणी डावं-उजवं म्हणत नाही, खिडकीकडे आणि भिंतीकडे म्हणतात. ह्यांची खुर्चीही हळूहळू खिडकीकडे सरकलीय. दोघं मिळून "आलोच" म्हणतात आणि मी एकटी दोन कप गार होताना बघते. जळायची पाळी आता माझी.

पाटी लागली त्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई मशीनच्या कामावर खूश होत्या. "किती सुरेख अक्षर!" त्या म्हणाल्या. सूनबाई लाजली. हे कमरेवर हात ठेवून पाटीकडे बघत राहिले. मग माझ्या कानाशी आले.

"चांगली बाजू आत गेली," म्हणाले.