पाळीच्या शनिवारी सकाळचा खेळ

त्र्याण्णव सालच्या जूनमध्ये मी भवानीनगर सोडलं, तेव्हा आबा मला एसटीत बसवायला फाट्यावर आले ते तसेच, उसातून. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पोटऱ्यांना चिखल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आमच्या उसाला त्या दिवशी कालव्याच्या पाण्याची पाळी होती. अर्ध्या तासापुरतं खोरं आईच्या हातात देऊन वडील आले होते, आणि त्यांचं निम्मं लक्ष तिकडंच होतं. वळकटी टपावर चढवली, पोरगं पहिल्यांदाच पुण्याला चाललंय म्हणून कंडक्टरला सांगितलं आणि खिडकीशी येऊन मला म्हणाले, "पाळीला येत जा. बाकी काय न्हाय."

बाकी काय न्हाय म्हणजे खरोखरच काही नाही. पत्र लिही, जेवत जा, वाईट संगत धरू नको, यातलं एक अक्षर ते बोलले नाहीत. गाडी हलल्यावर मी मागं पाहिलं तर ते पाठमोरे होऊन बांधाच्या वाटेला लागलेही होते. त्या वेळी माझ्या पोटात कालवाकालव झाली, असं लिहायची पद्धत आहे. मला काहीच झालं नाही. बारामती येईपर्यंत मी खिडकीतून दुसऱ्यांचे ऊस बघत बसलो.

सुमनताई, बाळूतात्या, तुम्हाला पाळी म्हणजे काय ते सांगायला नको. पण माझ्यासारखे बाहेर पडलेलेही हे वाचतील, आणि त्यांची मुलं, ज्यांना पाणी नळातून येतं एवढंच ठाऊक आहे. कालव्याचं पाणी ज्याला त्याला ठरल्या दिवशी, ठरले तास मिळतं. तेवढ्या तासांत एका सरीचं तोंड खोऱ्यानं फोडायचं, सरी भरली की बुजवायचं, पुढची फोडायची. याला दारं धरणं म्हणतात. बदली माणूस आल्याशिवाय बांध सोडायचा नाही, आणि खोरं मातीत रोवून जायचं नाही, हातातून हातात द्यायचं. नुसतं रोवलेलं खोरं दिसलं की कुणीही म्हणणार, इथं माणूस नाही, आणि पाणी आपल्याकडं वळवणार.

हा नियम सगळ्या शिवाराचा, पण आमच्या घरात तो जास्तच कडक होता. माझ्या आजोबांना लहानपणी विहिरीवर चढू देत नसत. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार आणि यांनी खाली ओंजळ धरायची. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, पुढं हाडाची काडं करून तीन एकर ओलिताखाली आणले आणि पाळीच्या यादीत आमचं नाव लागलं. आबा म्हणायचे, "पाणी आपल्या नावानं येतंय. ते आलं आन् आपुन न्हाय, आसं कवा व्हता कामा नये."

पुण्यात मला एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालं. कॉट बेसिसवर राहायचो, खानावळीत जेवायचो. आबांचं पाळीचं पोस्टकार्ड यायचं. त्यात दिवस आणि वेळ, खाली सगळ्यांचा जयभीम. मी एसटी धरायचो, दुपारी बांधावर पोचायचो, आबा न बोलता खोरं माझ्या हातात द्यायचे आणि भाकरी खायला बाभळीखाली जायचे. जवळजवळ तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मी पुण्यात राहतो असं मला तेव्हा वाटत नसे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तिकडं असतो, एवढंच.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये आमच्या छापखान्यात एका फिल्म क्लबचं पत्रक छापायला आलं. उन्हाळी सत्र, रोज संध्याकाळी एक चित्रपट, महिनाभर, बहुतेक सगळे परदेशी. त्यातल्या नटांची आणि दिग्दर्शकांची नावं तपासताना माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. क्लबच्या चिटणीस लेलेबाई स्वतः येऊन शेजारी बसायच्या आणि एकेक नाव उच्चारून दाखवायच्या. पत्रक बिनचूक निघालं म्हणून त्यांनी मला सत्राचा पास दिला. फुकट ते पौष्टिक, म्हणून मी गेलो.

सिनेमा मी पाहिला होता तो यात्रेतल्या तंबूत. तिथं निम्मे लोक पडद्याशी बोलायचे आणि उरलेले एकमेकांशी. इथं लाकडी खुर्च्यांचं जुनं सभागृह, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, आणि दीडशे माणसं श्वास रोखून बसलेली. पहिल्या दिवशी मी सवयीनं खिशात भुईमुगाच्या शेंगा घेऊन गेलो. पहिली शेंग फोडली तशी पुढच्या रांगेतले एक आजोबा वळले आणि माझ्याकडं नुसते बघत राहिले. बाकीच्या शेंगा मी खोलीवर जाऊन खाल्ल्या.

पहिले चार दिवस मला काही कळलं नाही. माणसं चालतात, थांबतात, खिडकीतून बघतात, आणि खेळ संपतो. पाचव्या दिवशी कळलं की काही कळायला पाहिजे असं नाही. त्या अंधारात मला कुणी काही विचारत नव्हतं. कुठला, कुणाचा, आडनाव काय, हे पुण्यात रोज कुणी ना कुणी आडून विचारायचंच. इथं सगळ्यांची तोंडं एकीकडं. मग मी एकही दिवस चुकवला नाही. साडेपाचला छापखाना सुटला की माझे पाय आपोआप तिकडं वळायचे. जेवणाची वेळ टळायची, खानावळीच्या मावशी बडबडायच्या, पण मला त्याचंही काही वाटत नसे.

मेमध्ये पोस्टकार्ड आलं. पाळी शनिवारी, सकाळी सहापासून. आई माझ्या बहिणीच्या, सुमनताईच्या बाळंतपणासाठी इंदापूरला गेलेली, त्यामुळं घरी आबा एकटे. 'बाराच्या आत ये' असं त्यांनी लिहिलं होतं. एरवी ते असं लिहीत नसत. मी उलट टपाली येतो म्हणून कळवलं.

शुक्रवारी खेळ संपल्यावर लेलेबाईंनी जाहीर केलं की उद्याचा चित्रपट संध्याकाळी होणार नाही, सकाळी साडेनऊला होईल, कारण रिळांचे डबे दुपारच्या गाडीनं परत पाठवायचे आहेत. हाच तो चित्रपट, ज्याच्याबद्दल पत्रकात लिहिलं होतं की यात एक शेतकरी डोंगरउतारावरच्या शेताला पाणी देतो, आणि दुसरं फारसं काही घडत नाही. नाव लिहीत नाही. मला ते अजून उच्चारता येत नाही.

मी सातची एसटी धरणार होतो. पिशवी भरून ठेवली होती. सकाळी स्वारगेटला गेलोही, गाडी लागलेली होती, खिडकीची जागा रिकामी होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि हिशेब केला. खेळ साडेअकराला सुटेल, बाराची गाडी मिळेल, चारच्या सुमारास पोचू. तोवर आबा कुणाला तरी हाक मारतील. शेजारी बाळूतात्या आहेत. बाळूतात्यांची स्वतःची पाळी आमच्या मागोमाग असते, ते आपली पाण्याची चारी साफ करण्यात गुंतलेले असणार, आणि आबा हाक मारणाऱ्यातले नव्हेत, हे मला चांगलं ठाऊक होतं. सातची गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली.

चित्रपट चांगला होता. हे लिहायला नको वाटतं, पण होता. तो म्हातारा शेतकरी दगडांनी बांधलेल्या पाटातून पाणी आणतो, एक वाफा भरतो, दुसरा उघडतो. ऊन चढतं, सावली आखडते. त्याच्या प्रत्येक हालचालीला माझे गुडघे खुर्चीत हलत होते. त्यानं एक वाफा लवकर बुजवला तेव्हा मी जवळजवळ बोललोच. दिवे लागल्यावर लेलेबाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. म्हणाल्या, हे शेतकरी घरातले आहेत, यांना काय वाटलं ते ऐकू या. पुण्यात तीन वर्षांत मला काय वाटतं हे कुणी पहिल्यांदा विचारत होतं. मी उभा राहिलो आणि दारं धरण्याबद्दल बोललो. खोरं हातातून हातात कसं द्यायचं तेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाहेर चहा झाला, प्रश्न झाले. बाराची गाडी गेली, एकची गेली. मी तीनच्या गाडीत बसलो.

दिवस मावळायच्या बेतात बांधावर पोचलो तर तिथं कुणी नव्हतं. पाणी फुटून खालच्या ओढ्याला लागलं होतं आणि आमचा निम्मा ऊस कोरडा होता. बाळूतात्यांचा थोरला सांगत आला की आबांना ऊन लागलंय, कारखान्याजवळच्या दवाखान्यात नेलंय. सकाळी सहापासून ते पाण्यात होते. भाकरीचं फडकं बाभळीला तसंच बांधलेलं होतं. तीनच्या पुढं कधीतरी बांधावर बसले आणि तिथंच कलंडले. बाळूतात्यांनी त्यांना ट्रॅक्टरवर घातलं तेव्हा त्यांच्या मुठीतलं खोरं सुटेना, असं पुढं तात्यांनीच मला सांगितलं. ते खोरं त्यांनी आबांच्या हातातून स्वतःच्या हातात घेतलं.

दवाखान्यात सलाइन चालू होतं. आबांचे ओठ फुटले होते, कातडी आगीसारखी तापलेली. मी स्टुलावर बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"गाडी चुकली व्हय रं?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मला रडू येईल म्हणून मी वाट बघत बसलो. आलं नाही. भिंतीवर सलाइनच्या बाटलीची सावली पडली होती, ती मी बराच वेळ पाहिली.

आबा चार दिवसांत हिंडूफिरू लागले. मला कुणी शब्दानं टोचलं नाही. आईनं इंदापूरहून आल्यावर माझ्याच तब्येतीची चौकशी केली. त्या पावसाळ्यानंतर आबांनी ऊस बाळूतात्यांकडं वाट्यानं दिला, आणि पाळीचं पोस्टकार्ड पुन्हा कधी आलं नाही. बाकी पत्रं यायची. सुमनताईच्या मुलाचं बारसं, पणदऱ्याच्या आत्याचं आजारपण, बुद्धपौर्णिमेची खीर. फक्त पाळीचं नाव नाही. एकदा असाच घरी गेलो असताना पाणी चालू होतं. मी पँट दुमडून पाण्यात उतरायला लागलो तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू दोन दिसाचा पाव्हणा." ते मायेनंच म्हणाले. मी पँट खाली केली आणि काठावर बसून राहिलो. मी पुण्यात राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

नव्याण्णवच्या मेमध्ये आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात केलं. पट्टी निघाली, डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली. गाडीला अजून चार तास होते. क्लबचं उन्हाळी सत्र चालू होतं आणि त्या दिवशी लोकाग्रहास्तव तोच चित्रपट पुन्हा होता. मी आबांना घेऊन गेलो. का नेलं, याचं उत्तर मी बरेच दिवस देत आलो की त्यांना शेतीतलं बघायला आवडेल म्हणून नेलं. ते खरं नाही. ते काय म्हणतात ते मला बघायचं होतं.

आबांनी दाराशी चपला काढल्या, विहाराबाहेर काढतो तशा एका कडेला जोडीनं लावल्या. मी म्हणालो, इथं काढत नाहीत. ते म्हणाले असू दे, आणि अनवाणीच आत आले. पूर्ण वेळ पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर, नव्या डोळ्यानं ते पडद्याकडं बघत होते. म्हातारा शेतकरी पाणी देत होता. ऊन चढलं, सावली आखडली. अर्धा खेळ झाल्यावर आबा माझ्याकडं झुकले.

"ह्याला बदली कोण न्हाय व्हय?"

मी म्हणालो, नाही. दाखवलं नाही.

 पुढचे आजोबा वळून बघायला लागले होते. आबांनी आवाज आणखी खाली आणला.

"त्याच्या बी पोराची गाडी चुकली आसंल."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तीन वर्षांपूर्वीचं माझं उत्तर त्यांनी खरं मानलं होतं आणि ते त्या अनोळखी म्हाताऱ्याच्या पोरालाही बहाल करून टाकलं. मला तेव्हा बोलता आलं असतं. अंधार होता, सगळ्यांची तोंडं पडद्याकडं होती, बोलायला याहून सोपी जागा मिळणार नव्हती. मी गप्प बसलो. खेळ संपला, आबांनी चपला घातल्या, स्वारगेटला मी त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली. गाडी हलली तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं आणि हात केला. मीही केला.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आईही गेली. तीन एकर बाळूतात्यांच्या थोरल्याकडं आहेत, त्यानं ठिबक बसवलंय, दारं कुणी धरत नाही. खोरं सुमनताईनं जपून ठेवलंय आणि ते पुण्याला घेऊन जा म्हणून ती दर वेळी सांगते. मी काही ना काही कारण काढून टाळतो. लोक मला विचारतात, गावाकडं अजून घर आहे का. भिंती आहेत, छप्पर आहे, कुलपाची एक किल्ली माझ्याकडंही आहे. पण ज्याला मी घर समजत होतो ते म्हणजे हातात खोरं घेऊन, माझ्या वाटेकडं डोळे लावून पाण्यात उभा असलेला माणूस. तो शनिवारी सकाळी सहापासून उभा होता.

सुमनताई, ते खोरं मी न्यावं असं तुला अजूनही वाटत असेल तर आधी हे वाच. बाळूतात्या, तुम्हीही वाचा, तुम्ही ते त्यांच्या मुठीतून सोडवलंत. त्या दिवशी माझी गाडी चुकली नव्हती.