आत्याचे चाळीस मजले

आमची आत्या तीस वर्षं चष्म्याच्या काचा घासतेय. चाकापुढे बसायचं आणि काच फ्रेमच्या मापाला आणायची. गावभर लोकांना लांबचं दिसायला लागलं, पण हिने कारखाना आणि घर सोडून काही पाहिलं नाही. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर तिने समुद्राकाठच्या शिखरावर जायचं ठरवलं, तेव्हा आम्ही तिला वेड्यात काढलं. चढून-उतरून दोन दिवस, सदा ओलं घनदाट जंगल, जळवा, मुळं धरून वर सरकायचं आणि शेवटी दोर. सोबत वाटाड्या होता, पण त्याची अट होती: पाठीवर आठ किलो घेऊन चाळीस मजले न थांबता चढता आले पाहिजेत.

माझ्या माहेरची इमारत चार मजली, बिनलिफ्टची. म्हणजे दहा फेऱ्या. दुसरीकडे जायची सोयच नव्हती, कारण बाबा. माझ्या वडिलांचं, म्हणजे तिच्या दादाचं, उजवं अंग सात वर्षांपासून लुळं आहे. दिवसा सांभाळायला बाई येते, ती सहाला जाते; पुढे आत्या. काही हवं असलं की बाबा काठी जमिनीवर आपटतात. तो ठोका जिन्यात ऐकू येतो, गल्लीत येत नाही. म्हणून हिचा डोंगर जिन्यातच. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दाराशी ती क्षणभर उभी राहायची, कान द्यायची आणि पुढे जायची. हे थांबणं ती थांबण्यात धरत नसे.

आठवड्याभरात इमारतीला सुगावा लागला. तळमजल्यावरची शिंपीणकाकू म्हणाली, "वर चाललीच आहेस, तर एवढे कपडे चौथ्या मजल्यावर टाक ना!" मग मास्तरांचे बटाटे आले, कुणाचं इस्त्रीचं गाठोडं आलं. सगळे आयत्या बिळावरचे नागोबा!

"आत्या, तू डोंगराची तयारी करतेयस की हमालीची?" मी वैतागून विचारलं.

"वजन ते वजन. नुसते दगड वाहण्यापेक्षा बरं."

आत्या शिखरावर जाईल त्या दोन दिवसांत बाबांजवळ राहीन, असा शब्द मी दिला होता. खरं सांगते, ही पास होणार नाही अशी खात्री होती म्हणून दिला होता. माझं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन पोरं, आणि मीठ कुठे ठेवलंय ते विचारायला फोन करणारा नवरा.

जिना तिने चढून दाखवला. मग एका रविवारी वाटाड्याने शिखरावर येणाऱ्या सगळ्यांना जवळच्या टेकडीवर सरावाला बोलावलं. बाईला विनवण्या करून बाबांजवळ बसवलं आणि मी आत्याला गाडीने घेऊन गेले. ती तरातरा चढत होती, मी मागे धापा टाकत होते. पण दर थोड्या वेळाने ती थबकायची आणि मान वळवायची.

"ताई, दम लागला का?" वाटाड्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"छे!"

"मग थांबता का सारख्या?"

आपण थांबतोय हेच तिला ठाऊक नव्हतं. मला मात्र कळलं. ती काठी ऐकत होती.

ओल्या कातळावर दोर धरून ती निम्म्यावर पोचली आणि तिथेही तिने मान मागे वळवली. पाय सटकला. वाटाड्याने पिशवीचा पट्टा धरला म्हणून वाचली.

खाली उतरल्यावर तो म्हणाला, "ताई, ताकदीत तुम्ही माझ्या तोडीस तोड आहात. पण वर अशा वळलात तर मी एकटा पुरा पडणार नाही. यंदा नको."

घरी पोचताच बाबांनी विचारलं, "काय गं, झालीस पास?"

"झाले की. पण मीच नाही म्हटलं, दादा. तुला टाकून दोन दिवस कुठे हिंडू?"

बाबांचे डोळे भरले. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. "मला माहीतच होतं," ते म्हणाले.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. निदान पुढच्या वर्षी जाऊन ये, मी राहते, एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण मला हायसं वाटलं होतं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं होतं. आणि आत्या माझ्याकडेच पाहत होती.

"जा तू," ती म्हणाली, "पोरं वाट बघत असतील."

मी चपला घातल्या आणि निघाले.