आमच्या कोठ्यातली भांडी

उभ्या आयुष्यात मी सावकारी एकदाच केली, आणि तीही मला पत्ता नसताना.

ते दिवस लढाईचे. लढाई नेमकी कुठं चालली होती हे आमच्या गावात (देऊळघाटाहून पायी तासाभरावर) कुणाला धड ठाऊक नव्हतं, पण ती आपली जवारी खाते आहे एवढं सगळ्यांना कळलं होतं. बाजारात जवारी दिसेना, आणि दिसली तर भाव ऐकून माणूस पिशवीची घडी घालून घरी येई. तेव्हा सरकारनं ठरवलं की गरिबांना स्वस्तात जवारी द्यायची. आता गरीब कोण, हे ठरवायला कमिटी पाहिजे. आमच्या गावच्या कमिटीत पाटील, पटवारी आणि मी. ते दोघे मानानं आले. मी शाळेचा मास्तर, अक्षर चांगलं, म्हणून आलो.

अक्षराबरोबर माझी मतंही येतील, हे कुणी ध्यानात घेतलं नव्हतं. माझं मत असं होतं की गरिबी बहुतेक आळसातून येते आणि फुकट मिळालं की आळस वाढतो. (मी स्वतः दुपारी दोन तास झोपत असे, पण ती विश्रांती.)

माझ्या मेव्हण्याचं, म्हणजे बापूरावाचं, मत नेमकं उलटं. तो खामगावात एका वकिलाकडं कारकून होता. तिथलं काम सुटल्यावर आमच्याकडं चार दिवस राहायला आला, त्याला तेव्हा चौथा महिना चालू होता. जेवलेलं ताट तो उचलत नसे, पण सरकारनं कुणाकुणाचा भार उचलावा याची यादी त्याला तोंडपाठ होती. रोज जेवताना आमची जुंपायची.

"भाऊजी, मानूस उपाशी मरून राह्यला, अन् तुमी त्याले परीक्षेले बसवता?"

"परीक्षा न घेता पास केलं तर सारं गाव पहिल्या नंबरानं गरीब होईल, बापूराव."

"मंग होऊ द्या ना. सरकारच्या बापाचं काय जाते?"

"आपल्या बापाचं जातं. सारा आपण भरतो."

"तुमी कधी भरला सारा? तुमच्यापाशी वावर कुठं हाय?"

"भाकर थंडी होऊन राह्यली," माझी बायको मधेच म्हणायची. "पह्यले जेवा, मंग गरिबी करा."

तर अशा वातावरणात मी नियम काढला. ज्याच्या घरात तांब्या-पितळेचं भांडं, त्याला स्वस्त जवारी नाही. मला तो नियम फार आवडला. भांडं म्हणजे ऐपत, ती डोळ्यांनी दिसते, तिथं ओळख नाही, वशिला नाही! चावडीत गाव गोळा करून मी तासभर स्वावलंबनावर बोललो आणि शेवटी नियम सांगितला. बायाबापड्या भिंतीकडेला बसून ऐकत होत्या.

पाटील खूश झाले. "मास्तर, लय बेस काढलं. आता मले कोनाले नाई म्हनाचं काम नाई. जे म्हनाचं ते भांडं म्हनन."

सरकारी काम आगाऊ कळवूनच करायचं असतं. म्हणून शनिवारी कोतवालानं गावभर दवंडी दिली की सोमवारी कमिटी घरोघर भांडी पाहायला येणार आहे. रविवार मी चावडीत कागदावर रकाने आखण्यात घालवला. फार सुरेख आखले होते.

सोमवारी आम्ही निघालो. बापूरावही आला, म्हणे गरिबांचा साक्षीदार म्हणून. पहिलं घर गणपत माळ्याचं. घरात एक मडकं, दोन गाडगी, बस. दुसरं घर कासम शेखचं. मडकं. तिसऱ्या घरी म्हातारा करवंटीनं पाणी पीत बसला होता, आणि आम्ही दारात येताच आणखी वाकून प्यायला लागला. फळीवर धुळीत मोठमोठे गोल उमटलेले, गोलाच्या आत फळी अगदी लख्ख. मला वाटलं, इथं उंदरांनी फेर धरला असावा. पाटील एकसारखे आढ्याकडे बघत होते.

दहा घरं झाल्यावर बापूराव भर रस्त्यात थांबला.

"पाह्यलं भाऊजी? साऱ्या गावात एक पितळी गुंड नाई पानी भराले. कुठं गेले हे भांडे? सरकारनं पिळून नेले."

"पिळून कसले? दारूच्या दुकानात गेले," मी म्हणालो.

"लढाईच्या महागाईत गेले."

"लग्नांच्या जेवणावळीत गेले. ऐपत नसताना गाव जेवू घालायला पाहिजे ना यांना!"

आम्ही दोघे तावातावानं भांडत होतो आणि गणपत माळी मधे उभा राहून, जो बोलेल त्याच्याकडे पाहून मान डोलवत होता. गावची भांडी कुठं गेली याबद्दल त्या दिवशी दोन मोठे विचार मांडले गेले, आणि दोन्ही साफ चुकले. भांडी आमच्या घरामागच्या कोठ्यात होती. गाय मेल्यापासून तो कोठा रिकामाच असे. पण हे मला कळायला अजून तीन दिवस होते.

सगळ्यात शेवटचं घर हलीमाबीचं. ही पिंजाऱ्याची विधवा. नवरा होता तेव्हा दोघं गाद्या भरत, गोधड्या शिवत. आता तिची नजर गेली होती आणि लोकांनी गाद्या भरणं सोडलं होतं. पोरगी देऊळगाव राजाकडे दिलेली. खाणारं तोंड एकच, पण त्यालाही मिळत नव्हतं. गावात खरोखर उपाशी कोण, असं शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं हिचंच घर दाखवलं असतं.

दार उघडं होतं. समोरच, झाडलेल्या जमिनीवर, तांब्याची एक देगची ठेवलेली. अशी चकाकत होती की डोळे दिपावेत.

"या मास्तर, बसा. पाटील, तुमीबी बसा. घर लहान हाय बापा."

"खाला, ही देगची कुणाची?"

"माह्यीच हाय. शादीतली. तुमी मोठे लोकं येऊन राह्यले म्हनून चिंचेनं घासून ठेवली."

मी आत डोकावलो. कल्हई पार उडालेली. त्या देगचीत काही रांधायची सोय नव्हती, आणि रांधायला घरात काही नव्हतंही. पाटलांनी माझी बाही ओढून बाहेर नेलं.

"मास्तर, आपून हे पाह्यलीच नाई, असं करू."

"पाटील, नियम म्हणजे नियम. एकीला सोडलं तर उद्या सगळे बोट दाखवतील."

मी आशेनं बापूरावाकडे पाहिलं. इथं तरी तो भांडेल आणि मला हरता येईल, असं मनात कुठंतरी होतं. पण तो म्हणाला, "एका बाईच्या नावानं काय होते भाऊजी? सारं धोरनच बदललं पाह्यजे." आणि त्यानं विडी पेटवली. मी माझ्या सुरेख रकान्यातून हलीमाबीचं नाव काट मारून काढलं. एक्केचाळीस घरं मंजूर, एक नामंजूर.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "हलीमाखालाचं काय केलं?"

"नाव कापलं. भांडं निघालं."

तिनं मला वाढलं आणि स्वतःचं ताट न घेता मागं निघून गेली.

गुरुवारी तहसिलीतून साहेब तपासणीला आले. यादी पाहिली, रकाने पाहिले, माझी पाठ थोपटली आणि चहाला आमच्याकडे आले. चहा झाल्यावर हात धुवायला म्हणून मागं गेले. बायको लगबगीनं म्हणाली, "साहेब, इथंच देतो ना पानी," पण तोवर त्यांनी मोरी समजून कोठ्याचं दार ढकललं होतं.

आधी एक परात गडगडत बाहेर आली. मागोमाग दोन गुंड. मी धावत जाऊन पाहतो तर छपरापर्यंत पितळ! हंडे, घागरी, गंगाळं, कोपरं, एकात एक, एकावर एक. साहेबांनी एक घागर उचलून काठावर कोरलेलं नाव वाचलं. "गणपत सीताराम माळी." दुसरी उचलली. "कासम शेख बालम." मग खिशातून माझी यादी काढली आणि एकेक नाव लावून पाहू लागले. माझ्या हस्ताक्षराचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

"मास्तर," साहेब शांतपणे म्हणाले, "गावात कुणाकडं भांडं का नाही, ते आता कळलं. सगळं तुमच्याकडं गहाण पडलंय."

गावच्या गरिबीमागचा हा तिसरा विचार. आणि यात गरिबीचं कारण मी होतो.

बापूराव माझ्याकडे टकमका बघत होता. "भाऊजी, तुमी सावकारी करून राह्यले? अन् मले पान खाले एक आना देत नाई?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात बायको पदर सावरत अगदी जवळ आली आणि कुजबुजली, "बोलसान तं एक्केचाळीस घराइची जवारी जाईन."

मला तेव्हा कुठं उलगडा झाला. (नंतर तिला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "बाया म्हनल्या, मास्तराच्या घराची झडती कोन घेते? मी ठेवून घेतले. तुमाले सांगतलं असतं तं तुमी रकान्यात लिवून टाकलं असतं." हे मात्र खरं.)

तर मी गप्प राहिलो. गोरगरिबांच्या कळवळ्यानं गप्प राहिलो असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरी गोष्ट अशी की, खरं बोललो असतो तर सबंध गावानं मला मूर्ख बनवलं हे साहेबांसमोर कबूल करावं लागलं असतं. मूर्ख ठरण्यापेक्षा मला लबाड ठरणं बरं वाटलं.

साहेबांनी तिथल्या तिथं निकाल दिला. मास्तर कमिटीतून बाद. भांडी ज्याची त्याला आजच्या आज फुकट परत. आणि या सावकारानं नाडलेल्या एक्केचाळीस घरांना जवारी ताबडतोब सुरू.

मग आमच्या दारात तो सोहळा झाला. लोक रांगेनं येत, आपलंच भांडं ओळखून घेत आणि साहेबांच्या पाया पडत. गणपत माळ्यानं तर डोळेही पुसले. कासमच्या बायकोनं घागर उलटसुलट करून पाहिली आणि सगळ्यांसमोर मला सुनावलं, "मास्तर, ठेवली तवा पोचा नव्हता हिले." मी तिची माफी मागितली. काय करणार?

साहेब बैलांच्या दमणीत बसायला निघाले तसा मी मागं धावलो.

"साहेब, एक नाव राहिलं. हलीमाबी. खरी गरज तिलाच आहे."

"तिच्याकडं भांडं आहे, असं तुम्हीच लिहिलंय."

"आहे, पण..."

"साऱ्या गावानं नड होती म्हणून तुमच्याकडं भांडी ठेवली. तिनं ठेवलं नाही. म्हणजे तिला नड नाही." त्यांनी यादी खिशात घातली. "की तिचंही भांडं पाहिजे होतं तुम्हाला?"

मी माघारी आलो. बायकोनं टोपलंभर जवारी माझ्या हातात दिली. ती घेऊन मी हलीमाबीकडे गेलो. चालताना मनाशी जुळवत होतो की तिला काय सांगायचं, नियम कसा असतो, सरकार कसं असतं.

ती दारातच बसली होती. पावलांवरून तिनं मला ओळखलं.

"खाला, ही थोडी जवारी. घरून आणली."

"काई काम हाय का मास्तर? गादी भराची हाय?"

"नाही, काम नाही. अशीच घ्या."

"मंग कशी घेऊ?"

"अहो, घ्या. साऱ्या गावानं घेतली. तुम्ही का नाही ती देगची आमच्या कोठ्यात ठेवली? बाया बोलवायला आल्या नव्हत्या का?"

"आल्या होत्या. मी म्हनलं, नाई बापा." ती समजावणीच्या सुरात बोलत होती, जणू मलाच हे नवीन होतं. "मी चावडीत मांगं बसली होती ना त्या दिवशी. तुमी म्हनले, झूट बोलून घेतलं तं ते चोरीचं असते. फुकटचं खाल्लं तं मानसाचे हात मरतात. लय चांगलं बोलले तुमी. घरी येऊन मी लय इचार केला. साऱ्या गावात मले तुमचंच बोलनं पटलं."

मी जवारीचं टोपलं तिच्या उंबऱ्यावर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जसंच्या तसं आमच्या ओट्यावर होतं. त्याच आठवड्यात ती देगची डोक्यावर घेऊन पोरीकडे निघून गेली. जावयाच्या घरी राहणं तिला कधीच नको होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बायको तिला सडकेपर्यंत पोचवून आली आणि येऊन चूल न पेटवता बसून राहिली. हलीमाबी परत आली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेल्याचं कळलं. कशानं गेली ते मी विचारलं नाही.

बापूराव पुढं मोठमोठ्या सभांतून बोलू लागला. मी शाळेत शिकवत राहिलो, चांगली तीस-बत्तीस वर्षं. इतक्या वर्षांत माझं शिकवणं मनापासून ऐकून घरी जाऊन त्यावर विचार करणारी विद्यार्थिनी मला एकच मिळाली, आणि तिला मी पहिल्याच परीक्षेत नापास केलं.