श्मुलचा कोट

माझी नणंद गेनोवेफा गेली त्याला आता वर्ष होईल. मातीच्या वेळी फादर तिच्याबद्दल "शांत, सेवाभावी भगिनी" असं काहीबाही बोलले. शांत! जन्मभर ती दातओठ खात जगली, आणि ज्यांच्यावर खायची तेच पहिल्या बाकावर बसून नाकं पुसत होते.

गेनिया, घरात आम्ही तिला असंच म्हणायचो, शिवणकाम करायची. पाद्र्यांचे झगे, नवरीचे पोशाख, आणि दर गुड फ्रायडेला यहूदा. येशूला विकणाऱ्या यहूदाचं आमच्या या पोलंडातल्या गावात पेंढ्याचं बुजगावणं करतात. त्याला लांब नाक, काळी टोपी आणि कानांवर बटा लावायच्या, म्हणजे हा ज्यू आहे हे शेंबड्या पोरालाही कळावं. मग त्याला रस्त्यातून फरफटवायचं, काठ्यांनी बडवायचं आणि सान नदीच्या काठी नेऊन जाळायचं. जाळण्याआधी अंगातला कोट तेवढा काढून घ्यायचा. कापड चांगलं होतं ना! फाटका कोट गेनियाकडे यायचा आणि ती तो पुढच्या वर्षासाठी सांधून ठेवायची. तिच्या आधी तिच्या आईने हेच केलं.

त्या कोटाला सगळे सर्रास "श्मुलचा कोट" म्हणायचे. श्मुल फाइनर आमच्या गावचा शिंपी. सुईत दोरा ओवायला गेनिया लहानपणी त्याच्याच दुकानात शिकली. बेचाळीस साली जर्मनांनी गावातले ज्यू गाड्यांत कोंबून नेले. त्या दिवशी दुपारपर्यंत श्मुलच्या घरात भिंतीतल्या खुंट्यासुद्धा उरल्या नव्हत्या. खुंट्या काही जर्मनांनी नेल्या नाहीत. कोट गावातल्याच कुणीतरी घातला, आणि जुना झाल्यावर यहूदाच्या अंगात चढवला. हे आम्हाला ठाऊक नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

मग एका वर्षी, ईस्टरआधीच्या उपासांत, श्मुलची नात आली. त्सिला तिचं नाव, इस्राएलहून आलेली. आईकडून शिकलेली मोडकीतोडकी पोलिश बोलायची. फादरांनी तिला घरी बोलावून चहा दिला, केक दिला, ज्यू म्हणजे आपले थोरले भाऊ असं फार छान बोलले. सरपंच व्हिल्गा होता, मी होते, चहा ओतायला गेनिया होती.

"आजोबांचं काही उरलंय का हो इथे?" त्सिलाने विचारलं. "एखादं बटणसुद्धा चालेल. माझ्याकडे त्यांचा फोटोही नाही."

"काही नाही हो, बाईसाहेब," व्हिल्गा छातीवर हात ठेवून म्हणाला. "जर्मनांनी काही म्हणता काही ठेवलं नाही."

फादरांनी खेदाने मान हलवली. गेनियाने किटली अशी आदळली की चहा त्यांच्या झग्यावर उडाला.

घरी येताना मात्र तिचं तोंड बंद होईना. "दर वर्षी झोडपतात, आणि म्हणे काही उरलं नाही! जीभ झडत नाही एकेकाची!"

"मग तिथेच सांगायचं होतंत, वन्सं."

"काय सांगू? हा घे बाई कोट, आजवर आम्ही बडवत होतो?"

गुड फ्रायडेला सकाळी व्हिल्गा कोट न्यायला आला. दार उघडलं तर गेनियाच तो कोट घालून उभी.

"हे काय सोंग, मावशी? काढा तो. पोरं खोळंबलीत."

"मग मीच येते की. चल."

ती तडक चर्चसमोर जाऊन उभी राहिली. पोरं काठ्या घेऊन तयारच होती.

"मारा!" ती ओरडली. "थांबलात का? दर वर्षी हाच कोट मारता ना? आज आत पेंढ्याच्या जागी मी आहे, एवढंच. मारा!"

"गेनोवेफा, आज पवित्र दिवस आहे," फादर दारातून म्हणाले. "तमाशा नको."

"आणि दर वर्षी याच दारात उभं राहून बघता, तो काय असतो?"

कुणी मारलं नाही. माझा नवरा, तिचा सख्खा भाऊ, "म्हातारी चळली" एवढंच पुटपुटला आणि खाली मान घालून घरी गेला. त्याचा मला अजून संताप येतो. मी वन्संच्या मागे गेले.

अंगात कोट तसाच ठेवून ती बसमध्ये चढली. त्सिला तालुक्याच्या गावी हॉटेलात उतरली होती. तिच्या खोलीत गेल्यावर गेनियाने कोट काढला आणि तिच्या हातात दिला.

"तुझ्या आजोबांचा."

त्सिलाने तो किती तरी वेळ छातीशी धरला. मग पलंगावर पसरून त्यावरून हात फिरवू लागली. कोपरांवर, खांद्यांवर, ठिगळावर ठिगळ. पाठ तर नुसती ठिगळांचीच होती.

"इतके गरीब होते माझे आजोबा?" तिने विचारलं.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. गेनियाने नाही फिरवलं.

"नाही गं," ती म्हणाली. "त्यांचा कोट धड होता. ठिगळं आमची आहेत."