घघ म्हणजे घोडा

माझ्या सासऱ्यांना अख्खी गल्ली पेंटर म्हणते. ब्रश खाली ठेवून बरीच वर्षं झाली, तरी पेंटरच. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या त्यांनी रंगवलेल्या आहेत. ती औषधाच्या दुकानाची लांबलचक पाटी कधी नीट बघा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि ती त्यांनी शिडीवर उभं राहून, पट्टीसुद्धा न लावता काढलेली! आता त्याच हाताला कंप सुटलाय. बाबांचा चहाचा कप अर्धाच भरायचा, असा आमच्या घरी नियम आहे. तो कुणी बोलून दाखवायचा नाही, असाही नियम आहे.

बाबांना आयुष्यात दोनच नाद. एक रंगाचा, दुसरा बुद्धिबळाचा. समोरच्या सलूनवाल्या कात्रीकाकांशी त्यांचा रोजचा डाव. गिऱ्हाईक खुर्चीत अर्धी दाढी घेऊन बसलंय आणि हे दोघं बाहेर बाकावर घोड्यावरून भांडतायत, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत आले. मग काकांनी सलून बंद केलं आणि ते लेकीकडे राहायला गेले, लांब, दुसऱ्या गावाला. बाबांनी दोन दिवस तोंड पाडलं. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "चल, तू बस समोर."

तो डाव मी स्वयंपाकघरातून बघत होते. बाबांनी हत्ती उचलला, हात थरथरला आणि तीन प्यादी आडवी झाली. ती उभी करायला गेले तर राजाच गडगडला. नवरा म्हणाला, "असू दे बाबा, तुम्ही सांगा, मी हलवतो." बाबांनी पट मिटला. "पुरे," म्हणाले, आणि सोंगट्यांचा डबा कपाटावर गेला.

मी ऑफिसात दिवसभर टायपिंग करते. तक्ते, चौकटी, चिन्हं हे माझं रोजचं. म्हटलं, कॉम्प्युटरवर काही पडत नाही! एक आठ बाय आठचा तक्ता केला, एकाआड एक घर करडं रंगवलं, त्यात सोंगट्यांची चिन्हं मांडली. कात्रीकाकांच्या लेकीला फोन केला. ठरलं असं की बाबांनी आपली चाल करायची, फाईल मी मेलनं पाठवायची, काकांनी त्यांची चाल करून परत धाडायची. "हाताचं त्याला सांगायचं नाही," बाबांनी दम दिला. "कळलं तर मुद्दाम हरेल गाढव."

पण चिन्ह घालायचं म्हणजे काय सोपं असतं का! वर मेनूत जा, इन्सर्ट शोधा, सिम्बॉल दाबा, मग मुंगीएवढ्या घरांची ती मोठी जाळी. तिथं राशींची चिन्हं संपली की सोंगट्या आणि त्यांना खेटून पत्त्यातले रंग. बाबांचा माउस त्यांच्या हाताबरोबर नाचणार. वजीर घ्यायला जावं तर मीन रास, प्यादं घ्यायला जावं तर इस्पिक! दोन बटणं एकदम धरून ठेवायची युक्ती दाखवली, तर तीही बोटांना जमेना. एका चालीला सकाळ जायची.

"द्या इकडे, मी करते," मी म्हणाले. माझा पेशन्स मुळातच कमी.

"नाही."

"अहो, चाल तुमचीच की! मी नुसती बोटं चालवणार."

बाबा माझ्याकडे वळले. "सूनबाई, सोंगटी तुझ्या हातानं हलली, तर हरलं कोण आणि जिंकलं कोण? मला माझा डाव पाहिजे. हरलो तरी माझा मी."

म्हातारा हट्टी, पण बोलला खरं. शेवटी मी ऑटोकरेक्टमध्ये गेले. तिथं असं करता येतं की आपण एक शब्द लिहिला आणि स्पेस दिली, की त्याच्या जागी आपण ठरवलेलं चिन्ह येतं. घोडा लिहा, स्पेस मारा, शब्द गेला आणि घोडा उभा! हत्ती, उंट, वजीर, राजा, प्यादं, सगळं बसवलं. ना माउस, ना मेनू. जुन्या घरातली सोंगटी पुसायची, बाणाच्या बटणानं नव्या घरात जायचं आणि एका बोटानं नाव लिहायचं. बोट थरथरून अक्षर चुकलं तर पुसून परत लिहायचं. दुसरं काही पडत नाही.

पहिला घोडा उभा राहिला तेव्हा बाबा असे हसले म्हणून सांगू! चांगले महिनाभर चालले दोघांचे डाव. रोज सकाळी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बाबा कॉम्प्युटरसमोर. जणू सलूनलाच निघालेत.

आणि मग आमच्या चिमणीचा निबंध आला. चिमणी म्हणजे माझी लेक. शाळेची सहल प्राणिसंग्रहालयात गेली होती, त्यावर निबंध लिहून आणायचा होता. आमच्या बाईसाहेबांनी त्याच कॉम्प्युटरवर टाइप केला, न वाचता छापला, दिला नेऊन. त्यात हत्तीच्या जागी किल्ल्याचा बुरूज, उंटाच्या जागी टोपी घातलेलं काहीतरी, आणि सिंह मात्र सिंह. वर्गाच्या बाईंनी लाल शाईनं विचारलं होतं, "हे कुठलं प्राणिसंग्रहालय?" चिमणी रडून लाल. मी हसून हसून पोट धरलं. पण नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी, मी ऑफिसात असताना, ऑटोकरेक्टमधलं सगळं पुसून टाकलं. बाबांना विचारलं नाही, मला सांगितलं नाही.

बाबा कॉम्प्युटरसमोर बसायचे थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "डोळे चुरचुरतात." मला खरं वाटलं. दाढी वाढली, शर्ट कालचाच. बाल्कनीत बसून समोरच्या बंद सलूनकडे बघत राहायचे. मग आठवड्यानं कात्रीकाकांचा मेल आला: "काय रे पेंटर, वजीर अडकला म्हणून पळालास काय? भित्रा कुठला!"

मी वाचून दाखवलं. वाटलं, आता उसळतील. बाबा आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "लिही त्याला. डाव सोडला म्हणावं."

"का पण?"

"आता घोडा लिहिलं की नुसता घोडा असा शब्दच राहतो. पोरीचा निबंध बिघडला, काढून टाकलं ते बरंच झालं. आता माझ्यानं नाही होत."

माझं डोकं असं फिरलं! नवऱ्याला म्हटलं, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला! निबंध वाचून द्यायला मुलीला शिकवायचं सोडून बापाचा डाव मोडलास?" तो बिचारा गोरामोरा झाला. त्याला ठाऊकच नव्हतं की त्या सहा शब्दांवर बाबांचा अख्खा दिवस उभा आहे. "मी परत बसवतो," म्हणाला. म्हटलं, "तू नको हात लावूस. तुझा हात लागला की सगळं साफ होतं."

मीच बसले. या वेळी सोंगट्यांची नावंच बदलली. घघ लिहिलं की घोडा. हह हत्ती, उउ उंट, वव वजीर, रर राजा, पप प्यादं. जगात कुठल्या निबंधात कुणी घघ लिहीत नाही. शिवाय तेच बटण दोनदा दाबायचं, म्हणजे बोटाला शोधाशोधही कमी. बाबांनी नाक मुरडलं. "माझ्या घोड्याला बोबडं केलंस की!" पण खुर्ची पुढे ओढली. पहिल्या खेपेला बोट थरथरून तीन घ पडले. पुसले. परत दाबलं. घोडा उभा राहिला, अगदी त्यांना हव्या त्या घरात. काकांना तक्त्याखाली त्यांनी स्वतः एक ओळ लिहिली: "भित्रा तू, तुझा बाप." अर्धा तास लागला त्या ओळीला, आणि मी मधे तोंड घातलं नाही. माझ्यासाठी ते सोपं नव्हतं, हे मला ओळखणारे सांगतील.

तो डाव पुढे बरेच दिवस चालला. एका रविवारी मी कणीक मळत होते, तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे. दाढी केलेली, शर्ट स्वच्छ, चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"सूनबाई, हरलो!"

"अगंबाई, हरलात?"

"सपशेल. राजा असा कोपऱ्यात गाठलाय त्यानं, पळायला घर नाही." त्यांनी तो थरथरता हात माझ्यासमोर धरला. "एक चालसुद्धा कुणी करून दिली नाही. या हातानं हरलो."

मी पिठाच्या हातानंच चहा टाकला आणि त्यांचा कप काठोकाठ भरला. बशीत सांडत सांडत त्यांनी तो स्वतः टेबलापर्यंत नेला.