मिंचो उस्ता आणि सावलीचा दोरा

मिंचो उस्ता, म्हणजे आमचा मुरलेला गवंडी, हातात दोरा घेऊन उभा दिसला की बायका पोरांना झग्याआड ओढायच्या आणि वाट वाकडी करून जायच्या. "सावली आवर गं, उस्ता पाया घालतोय!"

त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या बाल्कन डोंगरात घर उभं करायचं तर गवंड्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाची तरी सावली गुपचूप दोऱ्यानं मापायची आणि तो दोरा पायात पुरायचा, अशी रीत होती. ज्याची सावली पुरली तो चाळीस दिवसांत जातो आणि त्याचा जीव त्या घराचा राखणदार होतो, असं म्हणत. आणि पाया उपाशी ठेवला, तर तो घरातल्याच कुणाला तरी ओढून नेतो. मिंचोनं जन्मभर गावोगाव घरं बांधली होती. म्हणजे त्यानं किती माणसं खाल्ली असतील, याचा विचार लोक मनातल्या मनात करत. तोंडावर मात्र कुणी बोलत नसे. ज्याच्याकडून छप्पर घालून घ्यायचं त्याच्याशी वाकडं कोण घेणार?

खरी गोष्ट अशी की मिंचोनं कधीच कुणाची सावली चोरली नव्हती. ऐन विशीत त्याच्या उस्तादानं पहिल्यांदा दोरा हातात दिला, तेव्हा समोरून एक गरोदर बाई पाण्याच्या घागरी घेऊन येत होती. मिंचोचा हात उठेना. त्यानं पाठ फिरवली, स्वतःचीच सावली मापली, दोरा पुरला आणि मरणाची वाट पाहत बसला. भूक गेली, झोप उडाली, मरण काही आलं नाही. पानगळीत तो घरी परतला तो चांगला धडधाकट. पुढच्या पायालाही त्यानं स्वतःचीच सावली दिली आणि मग ती सवयच पडली. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बाकीचे गवंडी पोट धरून हसले असते.

आमचं बुकोवेत्स हे गवंड्यांचं गाव. वसंतात, गेऑर्गीच्या सणाला, सगळे गवंडी खेचरांच्या गळ्यात घंटा बांधून निघायचे, ते दिमितरच्या सणाला, थंडीच्या तोंडावर परतायचे. मधल्या काळात गावात बायका, म्हातारे आणि शेळ्या. मिंचोच्या बायकोचं, वेलिकाचं, लग्नानंतरचं निम्मं आयुष्य असं वाट बघण्यात गेलं.

पण मिंचो काय सज्जे बांधायचा! खाली दगड, वर लाकूड आणि वरच्या मजल्याच्या दक्षिणेला, ओकच्या खांबांवर तोललेला, लांबच लांब उघडा सज्जा. खोल्या नुसत्या झोपायला आणि बर्फात दडायला. बाकी सगळा संसार सज्ज्यात. माग तिथं, पाळणा तिथं, मिरच्यांच्या माळा तिथं, पाहुण्याला राकिया दारूचा पेला तिथं आणि मुलगी बघायला माणसं आली की मुलीनं लाजायचं तेही तिथंच. रस्त्यावरून जाणारा मान वर करून विचारायचा, "काय शिजतंय?" वरून उत्तर यायचं, "तुझ्या नशिबात नाही ते!" तेव्हा घरं बोलायची. हल्लीची घरं देखणी आहेत, पण दातखीळ बसलेली.

अठरावं शतक सरता सरता लुटारूंच्या टोळ्या मोकाट सुटल्या. तुर्की सुलतानाला कुणी जुमानेना. एका उन्हाळ्यात बुकोवेत्स जळालं. माणसं रानात पळाली म्हणून जीव वाचले. मिंचो परतला तेव्हा त्याच्या घराच्या भिंती तडकून ढासळल्या होत्या आणि जमिनीपासून वर गेलेला, सज्ज्याच्या कोपऱ्याचा एकच खांब काळाठिक्कर होऊन उभा होता. मुली लांब सासरी नांदत होत्या. नवरा-बायको आगीतून वाचलेल्या गोठ्यात राहायला गेले.

पुढचे दोन उन्हाळे गवंडी बाहेरगावी गेलेच नाहीत. गाव पुन्हा बांधायला निघालं, पण माणसं बदलली होती. लोकरीचा व्यापारी गेनो फिलिबे शहरातून नवी टूम घेऊन आला.

"मिंचोकाका, मधोमध दिवाणखाना, दोन्हीकडे सारख्या खोल्या, सारख्या खिडक्या. पुढं कमानदार कपाळपट्टी आणि भोवती दोन पुरुष उंचीची भिंत."

"आणि सज्जा?"

"तिथंही भिंत घाला. उघड्यावर बसायला आपण काय शेळ्या आहोत?"

मिंचोनं गेनोचं घर बांधलं. सुरेख बांधलं. मग गेनोच्या शेजाऱ्याचं, मग त्याच्या शेजाऱ्याचं. प्रत्येक सज्जा बुजवताना त्याला कुणाच्या तरी तोंडावर हात ठेवल्यासारखं व्हायचं. तरी तो बांधत राहिला. फक्त स्वतःच्या घराचा विषय निघाला की "पुढच्या वर्षी" म्हणून वेळ मारून न्यायचा.

दोन हिवाळे वेलिकानं ऐकून घेतलं. तिसऱ्या हिवाळ्यात, एका दुपारी बर्फानं दार अडवून धरलं होतं, मिंचोला पळायला जागा नव्हती. तिनं घेवड्याचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि त्याच्यासमोर बसली.

"लोकांना वाडे आणि बायकोला गोठा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खरं सांग, उस्ता, घर बांधायचंच नाहीये ना तुला? म्हातारी इथंच मरेल, मग कटकट मिटली!"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"माझ्याकडे सावली नाही उरली," मिंचो म्हणाला.

आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. ती गरोदर बाई, तो पहिला दोरा, नंतरचे सगळे पाये. हल्ली गुडघे धरतात, छातीत घरघर होते, ती सावली झिजल्यामुळेच, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

वेलिका आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे मेल्यावर तू त्या सगळ्या घरांची राखण करत हिंडणार? जन्मभर लोकांकडे आणि मेल्यावरही लोकांकडेच!"

"हस, हस. आपल्या पायात काय पुरू? दुसऱ्या कुणाची घेववत नाही. आणि उपाशी पाया घरातलंच माणूस ओढतो. घरात आहे कोण? तूच ना?"

वेलिकाचं हसू थांबलं. एवढ्या संसारात मिंचोनं तिला प्रेमाचं म्हणावं असं हे एकच काय ते ऐकवलं होतं, आणि तेही पायाबद्दल. ती उठली आणि त्याच्या ताटात आणखी घेवडा वाढला.

बर्फ वितळला. एका सकाळी ती पडक्या घराच्या बाजूनं आली आणि गुंडाळलेला दोरा तिनं मिंचोच्या हातात ठेवला. मिंचो पांढराफटक पडला.

"कुणाची मापलीस? वेलिका, कुणाची?"

"ओरडू नकोस. त्याची." तिनं जळक्या खांबाकडे बोट केलं. "जे एकदा मेलंय ते पुन्हा काय मरणार? आणि आपलं घर कसं राखायचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मिंचोनं मिशी ओढली. माणसाचीच सावली पाहिजे असं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. विचारायला उस्तादही आता हयात नव्हता. शेवटी त्यानं डोक्यावरची टोपी काढली, खांबाला मान लववून नमस्कार केला आणि कुदळ घेतली.

त्या वर्षी गवंडी पुन्हा बाहेरगावी निघाले, पण तो त्यांच्याबरोबर गेला नाही. घर जुन्या पद्धतीचं झालं, खाली दगड, वर लाकूड आणि दक्षिणेला उघडा सज्जा. जळका खांब तासून त्यानं जुन्याच कोपऱ्यात बसवला. गेनो येता-जाता वर बघून हाक मारायचा, "काय काका, अजून शेळ्याच का?"

"हो, शेळ्याच!" मिंचो वरून म्हणायचा. "एक शेळी आणि एक म्हातारा बोकड. ये वर, राकिया घे!" गेनो आधी हसायचा, मग भिंतीआडच्या घरी जायचं सोडून वर यायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही.

पुढच्या गेऑर्गीच्या सणाला गवंडी निघाले, तेव्हा मिंचो सज्ज्यात बसला होता. गेल्या वर्षी पाया खणायच्या नादात त्या घंटा त्याच्या कानांवर आल्याच नव्हत्या; आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या मागे राहून ऐकत होता. खेचरं वळणाआड गेली. घंटा बारीक होत होत कितीतरी वेळ ऐकू येत राहिल्या आणि मग ऐकू येईनाशा झाल्या.

"वेलिका, दर वर्षी तू इथं बसून हे ऐकायचीस?"

वेलिका मागावर होती. "छे रे. मी इथं बसायचे ती दिमितरच्या सणाला, येणाऱ्या घंटा ऐकायला. आजच्या दिवशी मी आत जाऊन दार लावून घ्यायचे, कानांवर उशी धरून."

"मग आज बाहेर कशी?"

तिनं धोटा टाकला. "आज माझं कोण जातंय?"