पळते हं मी!

मेव्हिस ऑर्मरॉड जन्मात कधी पळाली नव्हती, पण तोंडाने अखंड पळत असे. त्यात तिचा काय दोष? हॅदर्लो गावच्या इंग्रजीत सगळंच पळतं. सर्दीत नाक पळतं, अंघोळीच्या टबात पाणी पळवतात, दूध संपलं की माणूस दुधातून पळत बाहेर येतो. मेव्हिस तर किराणा दुकानच पळवत होती, तेही स्टुलावर बसून.

चर्चची घंटा वाजवणारा विधुर सिरिल टॅटर्सल अकरा वर्षं रोज सकाळी तिच्याकडे दुधाची बाटली न्यायला यायचा. हवापाण्याचं बोलून झालं की टोपी काढून हातात फिरवायचा, घसा खाकरायचा. नेमकी तेव्हाच मेव्हिस घाबरून म्हणायची, "बरंय, पळते हं मी!" आणि मागच्या खोलीत जाऊन कपाळावर हात मारून घ्यायची. जीव जडला होता बाईचा, दुसरं काय!

"अगं, किती वर्षं चालायचं हे?" शेजारीण ग्लॅडिस एकदा वैतागली. "यंदा धिरड्यांच्या शर्यतीत उतर. पहिली येईल तिच्या गालाचा मुका घंटावालाच घेतो, रीतच आहे. त्याला बोलायला नको, तुला सटकायला नको!"

"त्रेपन्नाव्या वर्षी? गुडघे बघ माझे!"

"मुका गुडघ्याचा नाही घ्यायचा त्याला!"

ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी अकराला घंटा झाली. डोक्याला रुमाल, कमरेला एप्रन, हातातल्या तव्यात धिरडं, अशा वीस बायका सुटल्या. आणि मेव्हिस काय पळाली म्हणता! बेकरीच्या वळणावर पुढच्या दोघी एकमेकींत अडकून आपटल्या, आणि मेव्हिस चक्क पहिली! चर्चचं दार वीस पावलांवर, दारात सिरिल, त्याचे कान लालबुंद.

पण दाराच्या अलीकडे काही माणसं एकामागे एक उभी होती. रांग दिसली की इंग्रज माणूस तिच्यात उभा राहणारच; मेव्हिसचे पाय आपोआप थांबले. पुढच्या माणसाला "माफ करा हं" म्हणून ती मुकाट शेवटी उभी राहिली. बाकीच्या बायका शेजारून धडधडत गेल्या, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. तिला रडूच कोसळायचं बाकी होतं.

सिरिलने जिंकलेल्या बाईच्या गालाला घाईघाईने ओठ टेकवले आणि तो थेट मेव्हिसच्या मागे येऊन उभा राहिला.

"रांग कशाची आहे?"

"काय माहीत! दिसली, म्हणून उभी राहिले."

"मग मीही राहतो." त्याने टोपी काढली, हातात फिरवली, घसा खाकरला. "मेव्हिस, मी काय म्हणत होतो..."

ते मेलं वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने तव्यातलं थंडगार धिरडं उचललं आणि अख्खं तोंडात कोंबलं. सिरिलचं बोलणं अकरा वर्षांत पहिल्यांदाच पुरं झालं, आणि होकार तिला मानेनेच द्यावा लागला.